उतरलेली बॅटरी

आश्विन शुद्ध नवमीस महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी शेतकरी नांगर-कुळव पुजतो, सुतार करवत व रंधा पुजतो आणि ज्याच्या घरी मोटार किंवा ट्रॅक्टर असेल, तो त्यालाही झेंडूची माळ घालतो. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने पडवीत उभा राहिलेला ट्रॅक्टर त्या सकाळी धुवावयाचा, त्याची पूजा करावयाची आणि मग गावातून एक फेरी मारून आणावयाची, असा रिवाज कित्येक घरांत पडला आहे. परंतु पुष्कळदा असे घडते की, चालक ऐटीने बैठकीवर चढतो, किल्ली फिरवितो आणि इंजिनाच्या गडगडाटाऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. पुन्हा किल्ली फिरवावी, तर तो आवाजही क्षीण होत जातो. घरातील जाणते माणूस म्हणते, “बॅटरी उतरली.”

सणाचा दिवस असल्यामुळे बॅटरीवाल्याचे दुकान बंद असते. मग कोणीतरी शेजाऱ्याकडून चार्जर मागून आणतो. एक लहानशी लोखंडी पेटी, तिच्यातून निघालेल्या दोन वायरी आणि त्यांच्या टोकांना एक लाल व एक काळा चिमटा, एवढेच त्याचे रूप असते. चिमटे लावावयाचे आणि बटण दाबावयाचे. यात अवघड ते काय, असे पाहणाऱ्यास वाटते. पण त्याच पडवीत निरांजन तेवत असते, उदबत्तीचा निखारा फुललेला असतो आणि नुकत्याच धुतलेल्या ट्रॅक्टरखालची जमीन ओलीचिंब असते. घरातील सर्व मंडळी उत्साहाने भोवती गोळा झालेली असतात. नेमक्या अशा वेळी एखाद्याचा डोळा किंवा हात कायमचा दुखावण्याचा संभव असतो.

या कामाचे नियम चार्जरबरोबर मिळणाऱ्या कागदावर छापलेले असतात. तो कागद बहुधा पहिल्याच दिवशी हरवतो. आणि सापडला, तरी ‘हे करा, हे करू नका’ अशा आज्ञा फार दिवस लक्षात राहत नाहीत. त्यापेक्षा बॅटरीच्या पेटीत काय चालते, हे एकदा नीट समजून घेतले, तर ते नियम पाठ करण्याचे कारणच उरत नाही. ते आपोआप सुचतात.

बॅटरीत वीज भरून ठेवलेली असते, असे आपण सहज बोलून जातो. पण रांजणात पाणी भरावे तशी वीज तिच्यात भरलेली नसते. तिच्यात असते ते शिसे आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल. फ्रान्समधील गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांस चिकटू नयेत अशा बेताने त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडविली. या पत्र्यांतून बाहेरून वीज सोडली असता त्यांच्यात एक बदल होतो आणि पुढे वीज बंद करून ते पत्रे तारेने जोडले असता तीच वीज उलट दिशेने परत मिळते, असे त्याला आढळले. त्यापूर्वीचे घट एकदा संपले की संपले. हा घट मात्र पुन्हा पुन्हा भरता येऊ लागला. पुढच्याच वर्षी प्लांतेने असे नऊ घट एकत्र जोडून फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु आजही ट्रॅक्टरच्या बाजूस जी पेटी बसविलेली असते, तिचे अंतरंग मुळात प्लांतेच्या गुंडाळीचेच आहे.

या पेटीत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा म्हणजे एक स्वतंत्र घट असतो. एका घटाचा विद्युत्‌दाब २ व्होल्टांहून किंचित अधिक असतो. म्हणून सहा घटांची बॅटरी १२ व्होल्टांची म्हटली जाते. घटातील काही पत्र्यांवर तपकिरी रंगाचे शिशाचे ऑक्साइड असते, तर काहींवर करडे, सच्छिद्र शिसे असते. बॅटरीतून वीज काढून घेतली जाते, तेव्हा आम्लातील गंधकाचा अंश दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर जाऊन बसतो व तेथे शिशाचे सल्फेट तयार होते. इकडे आम्ल पातळ पातळ होत जाते. दोन्ही पत्रे एकसारखे झाले की त्यांच्यातील भेद संपतो आणि भेद संपला की वीजही संपते. ‘बॅटरी उतरली’ याचा अर्थ हाच. चार्जर उलट दिशेने वीज सोडून हा सर्व व्यवहार उलटा करतो. सल्फेट मोडते, आम्ल पुन्हा दाट होते, पत्रे आपापल्या मूळ रूपावर येतात.

उभ्या असलेल्या वाहनाचीही बॅटरी हळूहळू उतरते, विशेषतः उष्ण हवेत. शिवाय नव्या वाहनांत घड्याळ व अन्य यंत्रणा किल्ली काढल्यावरही थोडी थोडी वीज घेत राहतात. उतरलेल्या स्थितीत बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली, तर पत्र्यांवरील सल्फेटाचे कण मोठे व कठीण होतात. मग चार्जर कितीही वेळ लावला, तरी ते मोडत नाहीत. म्हणून दिवाळीपर्यंत पाहू, असे म्हणून उतरलेली बॅटरी तशीच ठेवून देणे हे काटकसरीचे नव्हे, नुकसानीचे काम आहे.

आता चार्जरकडे वळू. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो आणि तिची दिशा एका सेकंदात शंभर वेळा पालटते. अशी वीज बॅटरीस उपयोगी पडत नाही. चार्जर तिचा दाब १४-१५ व्होल्टांपर्यंत उतरवितो व तिला एकाच दिशेने वाहावयास लावतो. अर्थात या लहानशा पेटीच्या दोन बाजूंना दोन निरनिराळ्या प्रकारची वीज असते आणि त्यांचे धोकेही निरनिराळे असतात.

भिंतीकडील बाजूचा धोका सर्वांच्या परिचयाचा आहे. २३० व्होल्टांचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. चार्जरची पेटी लोखंडी असेल, तर तिला तीन पिनांचाच प्लग असावा व घरातील भूतार ठीक असावी. प्लग बसत नाही म्हणून त्याची मोठी पिन मोडून टाकणारे लोक असतात. आपली ढाल आपणच फेकून देण्यासारखे ते आहे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून चार्जरला हात लावू नये. वायर पुरत नाही म्हणून जागोजागी पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली दुसरी वायर जोडू नये. खंडेनवमीच्या सकाळी पडवी ओली असेल, तर आधी ती पुसून कोरडी करावी किंवा बॅटरी काढून कोरड्या ओट्यावर न्यावी.

बॅटरीकडील बाजूचा धोका मात्र फसवा आहे. बारा व्होल्टांनी कोरड्या हातास झटका जाणवतही नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. परंतु इंजिन फिरविताना हीच बॅटरी क्षणभर शेदोनशे अँपिअर वा त्याहूनही अधिक प्रवाह देते. घरातील छताच्या पंख्यास अर्धा अँपिअरसुद्धा लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून लोखंडी पाना आडवा पडला, तर एवढा प्रवाह त्या पान्यातून धावतो. ठिणग्या उडतात, पाना तापून लाल होतो, कधीकधी टोकास चिकटून बसतो. बोटात अंगठी किंवा मनगटावर धातूचे कडे असेल आणि ते याप्रमाणे मध्ये सापडले, तर एका क्षणात खोल भाजते आणि तापलेली अंगठी चटकन बोटातून निघतही नाही. म्हणून जाणता मेकॅनिक बॅटरीस हात लावण्यापूर्वी अंगठी व घड्याळ काढून खिशात ठेवतो.

बॅटरी वाहनातून काढताना पहिल्याने ऋण टोकाची वायर सोडावी, हा नियमही याच कारणाने झालेला आहे. बहुतेक सर्व वाहनांत ऋण टोक वाहनाच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेले असते. ते जोडलेलेच ठेवून जर कोणी धन टोकाचा नट सोडवू लागला आणि पान्याचे दुसरे टोक सांगाड्यास लागले, तर बॅटरीची दोन्ही टोके पान्यातून जोडली जातात. ऋण वायर आधी सोडली असेल, तर पाना सांगाड्यास लागला तरी काही बिघडत नाही. बसविताना क्रम याच्या उलट. धन आधी, ऋण शेवटी.

परंतु सर्वांत मोठा धोका डोळ्यांस दिसत नाही. तो वायूचा आहे.

विजेने पाण्याचे पृथक्करण होते, ही गोष्ट इंग्लंडमध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी १८०० मध्ये प्रयोगाने दाखविली. पाण्यातून वीज गेली की एका टोकाशी हायड्रोजन व दुसऱ्या टोकाशी प्राणवायू निघतो. बॅटरीच्या आम्लातही बराचसा भाग पाण्याचाच असतो. बॅटरी उतरलेली असते तोपर्यंत चार्जरची वीज मुख्यत्वे सल्फेट मोडण्यात खर्च होते. बॅटरी भरत आली की मोडावयास सल्फेट फारसे उरत नाही आणि मग तीच वीज पाणी फोडू लागते. त्या वेळी कान देऊन ऐकले, तर बॅटरीतून बारीक सळसळ ऐकू येते. तो बुडबुड्यांचा आवाज होय.

हे बुडबुडे किती वायू सोडतात, याचा हिशेब करता येतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतून एक अँपिअर प्रवाह एक तास चालू राहिला, तर तिच्या सहा घटांतून मिळून सुमारे २.५ लिटर हायड्रोजन निघतो. चार्जर ६ अँपिअरचा असेल, तर तासाला १५ लिटर. हवेत हायड्रोजनचे प्रमाण शेकडा ४ झाले की ते मिश्रण पेट घेण्यास योग्य होते; म्हणजे हा १५ लिटर वायू एखाद्या लाकडी कपाटाएवढ्या बंद जागेतील सुमारे ३७५ लिटर हवा स्फोटक करण्यास पुरेसा आहे. या वायूस रंग नाही, वास नाही. तो साचला आहे, हे कोणास कळत नाही. त्यास पेटावयास मोठी ज्वालाही लागत नाही. चिमटा टेकविताना उडणारी इवलीशी ठिणगी पुरते.

आणि बॅटरीच्या पेटीतच, आम्लाच्या पृष्ठभागावर, थोडी मोकळी जागा असते. तेथे हायड्रोजन व प्राणवायू दोन्ही एकत्र असतात. ठिणगीची आग बुचाच्या छिद्रातून तेथवर पोहोचली, तर पेटीचे झाकण बंदुकीच्या बारासारखा आवाज करून फुटते आणि आतील आम्ल चोहोंकडे उडते. त्या वेळी बॅटरीवर वाकून पाहणाऱ्याचा चेहराच सर्वांत जवळ असतो. पूजेच्या दिवशी तेवणारे निरांजन देवघरात नेऊन ठेवणे का आवश्यक आहे, हे आता निराळे सांगावयास नको. उदबत्ती, विडी, स्टोव्ह, पाणी तापविण्याचा बंब, यांपैकी काहीही बॅटरीच्या आसपास असता कामा नये. भरावयास ठेवलेली बॅटरी अंधारात पाहण्यासाठी काडी ओढण्याचा मोह तर कोणासही होऊ नये.

सुदैवाने हायड्रोजन हवेहून सुमारे चौदा पट हलका असतो. त्यास वाट मिळाली, तर तो वर चढून क्षणात विरून जातो. उघड्या पडवीत किंवा खिडक्या सताड उघड्या असलेल्या खोलीत तो साचत नाही. पावसाच्या भीतीने बॅटरी कोठीच्या खोलीत नेऊन दार लावून घेणे, किंवा ती चालू असताना तिच्यावर पोते टाकणे, यासारखी दुसरी चूक नाही. बुचांतील बारीक छिद्रे मळाने बुजलेली असतील, तर आधी ती मोकळी करावी. कोंडलेला वायू पेटी फुगवितो. बॅटरीच्या वर चार्जर ठेवून देण्याची सवयही वाईट. वर चढणारा वायू आणि आम्लाची वाफ थेट त्या पेटीतच शिरते. दोन्हींमध्ये वायर पोहोचेल तेवढे अंतर असावे.

चिमटे लावण्याचा जो ठराविक क्रम आहे, त्याचे मर्म या वायूत आहे. वीज वाहत असलेली जोडणी जेथे जुळते किंवा तुटते, तेथे ठिणगी उडते. ही गोष्ट सर्वस्वी टाळता येत नाही. पण ती कोठे घडावी, हे आपल्या हाती असते. म्हणून चार्जरचा प्लग भिंतीतून बाहेर असतानाच लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकास, म्हणजे ज्यावर अधिकचे चिन्ह असते त्यास, लावावा. बॅटरी वाहनातच असेल, तर काळा चिमटा तिच्यापासून हातभर दूर, सांगाड्याच्या एखाद्या उघड्या लोखंडी बोल्टास लावावा. बाहेर काढलेली असेल, तर ऋण टोकास. चिमटे हलवून घट्ट बसल्याची खात्री करावी. त्यानंतरच प्लग लावून बटण दाबावे. आता जी ठिणगी पडावयाची, ती भिंतीवरील बटणात पडेल. बॅटरीपासून कित्येक हात दूर. काम आटोपल्यावर उलट क्रम. पहिल्याने बटण बंद, मग प्लग बाहेर, मग काळा चिमटा, शेवटी लाल. घाईत माणसे चालू चार्जरचा चिमटा ओढून काढतात आणि तीच वेळ सर्वांत वाईट असते. कारण बॅटरी भरलेली असते आणि तिच्या तोंडाशी वायू जमलेला असतो.

लाल व काळा यांची अदलाबदल झाली, तर नवे चार्जर चालूच होण्याचे नाकारतात. जुन्या चार्जरांना एवढी समज नसते. त्यांचा फ्यूज उडतो, वायरी तापतात आणि बॅटरी वाहनातच असेल तर वाहनातील नाजूक विद्युत्‌यंत्रणाही बिघडते. रंग उडालेल्या किंवा तेलाने माखलेल्या टोकांवर फडके फिरवून चिन्ह डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चिमटा लावू नये. वायरीच्या रंगावर मात्र विसंबू नये. दुरुस्तीच्या वेळी हाताशी येईल त्या रंगाची वायर घातली गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

किती वेळ चार्ज करावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बॅटरीवर तिची धारकता अँपिअर-तासांत लिहिलेली असते. साधारणपणे त्या आकड्याच्या एकदशांश अँपिअर प्रवाह तिला मानवतो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी ६ अँपिअरने भरली, तर हिशेबाने दहा तास लागावेत. प्रत्यक्षात थोडी वीज वाया जात असल्यामुळे बारा तास धरावे. सणाच्या मिरवणुकीसाठी तिला तासाभरात भरून टाकू म्हणणारा मनुष्य तिचे पत्रे तापवून वाकवितो. फार तर तास-दोन तासांत इंजिन एकदा फिरण्यापुरती शक्ती तिच्यात येईल. उरलेले काम शांतपणे करावे.

आजचे स्वयंचलित चार्जर बॅटरी भरली की प्रवाह आपोआप कमी करतात. जुने साधे चार्जर मात्र कोणी बंद करीपर्यंत चालूच राहतात. असा चार्जर लावून घरातील मंडळींनी झोपी जाऊ नये. दर तासास बॅटरीच्या बाजूवर हात ठेवून पाहावा. ती कोमट लागली तर हरकत नाही; पण चटका बसण्याइतकी तापली, तिच्या भिंती फुगल्या किंवा नासक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर भिंतीवरील बटण तत्काळ बंद करावे, खिडक्या उघडाव्या आणि बॅटरी निवेपर्यंत तिच्याजवळ जाऊ नये. तडा गेलेली किंवा आधीच फुगलेली बॅटरी तर चार्जरला लावूच नये.

भरल्याची खूण पाहण्यासाठी बॅटरीवाले काचेच्या नळीचे हायड्रोमीटर वापरतात. तिच्यात थोडे आम्ल ओढून घेतले की आतील तरंगणारी कांडी आम्लाचे विशिष्ट गुरुत्व दाखविते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ते १.२५ ते १.२८ असते, पार उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्याही खाली जाते. ज्यांच्याजवळ व्होल्टमापक आहे, त्यांनी चार्जर काढून काही तास गेल्यावर दाब पाहावा. १२.६ व्होल्ट किंवा किंचित अधिक दाखविल्यास बॅटरी भरलेली समजावी. चार्जर काढताच घेतलेला आकडा नेहमी फुगलेला असतो. त्याने हुरळून जाऊ नये.

ज्या बॅटरीची बुचे उघडतात, तिच्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. वर सांगितल्याप्रमाणे बॅटरीतून उडून जाते ते पाणी. आम्ल उडत नाही. म्हणून तिच्यात भर घालावयाची ती शुद्ध पाण्याची. विहिरीच्या अथवा नळाच्या पाण्यातील क्षार व लोह पत्र्यांचा नाश करतात. यासाठी दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून मिळणारे ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. पत्रे उघडे पडले असतील, तर चार्जिंगपूर्वी ते बुडण्यापुरतेच पाणी घालावे व उरलेले चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंत भरावे. कारण चार्ज होताना द्रव फुगतो व काठोकाठ भरलेल्या बॅटरीतून आम्ल बाहेर सांडते. घरी आम्ल आणून त्यात पाणी मिसळण्याचा उद्योग कोणीही करू नये. आम्लावर पाणी ओतले असता ते उसळून अंगावर येते. ज्यांचा तो व्यवसाय आहे, ते नेहमी पाण्यात थोडे थोडे आम्ल सोडतात, त्याच्या उलट कधीच करीत नाहीत.

बॅटरीतील आम्लात साधारण एकतृतीयांश गंधकाम्ल असते. कपड्यावर त्याचा थेंब पडला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. पण सदरा धुतल्यावर तेथे भोक पडलेले आढळते. त्वचेवर पडल्यास तो भाग पुष्कळ पाण्याने धुऊन काढावा. आणि डोळ्यात उडाल्यास एक क्षणही न दवडता पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान वीस मिनिटे डोळ्यावर सोडावी व तडक डॉक्टरकडे जावे. वीस मिनिटे हा काळ फार मोठा वाटतो. डोळा झोंबावयाचा थोडा थांबला की माणूस धुणे सोडून देतो. परंतु आम्ल आत असेतो आपले काम करीतच असते. लिंबू, हळद, लोणी, सोडा, यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. खाण्याचा सोडा उपयोगी पडतो तो फरशीवर सांडलेल्या आम्लावर, किंवा टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार धुऊन काढण्यासाठी. त्याही वेळी सोड्याचे पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नये. काम सुरू करण्यापूर्वीच डोळ्यांवर चष्मा चढवून पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवणारा मनुष्य पाहून मंडळी कदाचित हसतील. हसू द्यावे.

शिसे हेही विष आहे. टोके घासून साफ करताना हातांस लागलेला मळ पोटात गेल्यास तो अपाय करतो, व लहान मुलांस अधिकच. म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय प्रसादाचा पेढासुद्धा घेऊ नये. मुलांनी हे काम पाहावे, समजून घ्यावे. परंतु चार पावलांवरून, आणि चिमट्यास हात मोठ्या माणसाचाच असावा.

सर्वच बॅटऱ्या या जातीच्या नसतात. काहींना बुचेच नसतात. त्या मोहोरबंद असून त्यांना उघडण्याचा प्रयत्न करू नये. अशा बॅटरीस चालणारा चार्जर कोणता, हे तिच्या वेष्टनावर लिहिलेले असते. विजेवर चालणाऱ्या स्कूटरांतून आज ज्या लिथियमच्या बॅटऱ्या येतात, त्यांचे रसायन तर सर्वस्वी निराळे आहे. त्यांना ट्रॅक्टरचा चार्जर कदापि लावू नये; त्या अतिशय तापून पेट घेतात आणि ती आग सहजासहजी विझत नाही. त्यांच्यासाठी बनविणाऱ्याने दिलेलाच चार्जर वापरावा, आणि त्या जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दाराशी चार्जिंगला लावू नयेत. आग लागली, तर बाहेर पडण्याची वाटच अडते.

मोटारीस बॅटरी लागू लागली, ती मुख्यतः इंजिन सुरू करण्याच्या सोयीसाठी. त्यापूर्वी पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे आणि इंजिनाने उलट झटका दिला की फिरविणाऱ्याचे मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारींत बसविला गेला, तेव्हापासून दांडा हळूहळू मागे पडला. आपल्याकडेही वीज न पोहोचलेल्या गावांत एके काळी रेडिओ बॅटरीवर चाले आणि ती उतरली की सायकलच्या मागे बांधून तालुक्याच्या गावी चार्ज करावयास न्यावी लागे. घरोघरी चार्जर आले, ही मोठीच सोय झाली. पण तालुक्याच्या दुकानदारास जे ज्ञान असे, ते चार्जरच्या पेटीबरोबर मिळत नाही.

चार-पाच वर्षे सेवा केल्यावर एक दिवस बॅटरी कितीही चार्ज केली, तरी टिकेनाशी होते. ती अंगणात फोडून शिसे काढण्याचा किंवा आम्ल गटारात ओतण्याचा विचारही करू नये. दोन्हींमुळे माती व पाणी विषारी होते. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी परत दिल्यास दुकानदार तिची किंमत वजा करून देतो. तिच्यातील शिसे वितळवून पुन्हा नव्या बॅटरीचे पत्रे ओतले जातात.

खंडेनवमीचा तो ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, पहिल्याच किल्लीस सुरू होतो. पुढच्या वर्षी पेरण्या आटोपल्या, की त्याच्या बॅटरीची ऋण वायर सोडून ठेवावयाची, टोकांस व्हॅसलीन चोपडावयाचे आणि दर महिन्यास एकदा, उघड्या पडवीत, तिला चार्जर लावावयाचा, असे घरातील जाणते माणूस ठरविते व भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखांभोवती पेन्सिलीने खुणा करून ठेवते.